ताकद रॅकेटची, किंमत कोपराची

महाराष्ट्रातील घराघरांत ‘टेनिस एल्बो’ हा शब्द पोहोचला तो टेनिसमुळे नव्हे, तर क्रिकेटमुळे. २००४ साली सचिन तेंडुलकरच्या डाव्या कोपराने असहकार पुकारला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतील पहिल्या दोन कसोटी सामन्यांना त्याला मुकावे लागले आणि मे २००५ मध्ये लंडनमध्ये त्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. त्या काळात लोकलच्या डब्यापासून कट्ट्यापर्यंत सर्वत्र एकच चर्चा होती, ती सचिनच्या जड बॅटची. वैद्यकीयदृष्ट्या ती चर्चा कितपत शास्त्रशुद्ध होती हा भाग अलाहिदा. परंतु हातातील साधन आणि तो हात यांचे काही नाते असते, ही जाणीव सर्वसामान्य क्रीडारसिकाला प्रथमच झाली.

आज या जाणिवेची खरी गरज आहे ती टेनिसच्या कोर्टावर. पुण्यात बालेवाडी येथे २०१८ ते २०२३ या काळात एटीपी दर्जाची महाराष्ट्र ओपन स्पर्धा भरत होती. त्या निमित्ताने आणि दूरचित्रवाणीवर रात्री जागून पाहिलेल्या विम्बल्डनच्या ओढीने चाळिशी-पन्नाशीतील अनेक मंडळी पुन्हा कोर्टाकडे वळली. शाळा-कॉलेजात खेळलेला हा खेळ नोकरी-संसाराच्या धबडग्यात मागे पडलेला असतो. आता हाती थोडा पैसा असतो, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलेला असतो. मग पंधरा-वीस हजार रुपयांची, जाहिरातीत ‘स्फोटक ताकदी’ची ग्वाही देणारी रॅकेट घरी येते. पहिला महिना उत्साहात जातो. तिसऱ्या महिन्यात चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते, ओला टॉवेल पिळवत नाही, दाराची मूठ फिरवताना चेहरा वेडावाकडा होतो. सहाव्या महिन्यात रॅकेट माळ्यावर जाते आणि व्यायामही तिच्याबरोबर जातो.

ही केवळ एका हौशी खेळाडूची हळहळ नाही. चांगल्या साधनाची निवड कोणत्या निकषांवर करावी, याविषयी बाजार जे सांगतो आणि शरीर जे सांगते, त्यांतील ही तफावत आहे. बाजाराने ग्राहकाच्या मनात एक समीकरण घट्ट बसवले आहे: ताकद हवी तर हाताला त्रास होणार आणि हाताला आराम हवा तर ताकदीवर पाणी सोडावे लागणार. हे समीकरण अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणाची किंमत कोपराला मोजावी लागते.

हा आजार नवा नाही. ‘लॉन टेनिस एल्बो’ हा शब्दप्रयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १८८३ मध्येच आढळतो, म्हणजे पहिल्या विम्बल्डननंतर अवघ्या सहा वर्षांनी. मनगट मागे उचलणारे जे स्नायू असतात, त्यांना कोपराच्या बाहेरच्या हाडाशी जोडणारी एक कंडरा असते. तिच्यावर पुन्हा पुन्हा ताण पडला की तिचे तंतू झिजू लागतात. वयाच्या पस्तिशीनंतर ही झीज भरून येण्याचा वेग मंदावतो, म्हणूनच विशीतील खेळाडूपेक्षा पंचेचाळिशीतील खेळाडू तिला अधिक बळी पडतो. सुतारकाम करणारे, स्वयंपाकघरात राबणारे, दिवसभर संगणकाचा माउस धरणारे यांनाही ती गाठते. टेनिसमध्ये तिचे मुख्य कारण म्हणजे एका हाताने मारलेला सदोष बॅकहँड. कसलेल्या खेळाडूचे मनगट चेंडू लागताना किंचित मागे झुकलेले आणि स्थिर असते, नवख्याचे पुढे दुमडलेले असते. दुमडलेल्या मनगटावर धक्का बसला की ती कंडरा ताणली जाते.

हा धक्का किती असतो, याचा साधा हिशेब करता येतो. टेनिसच्या चेंडूचे वजन नियमानुसार ५६ ते ५९.४ ग्रॅम असते आणि तो तारांवर जेमतेम पाच सहस्रांश सेकंद टेकतो. ताशी ७० किलोमीटर वेगाने आलेला चेंडू ताशी ९० किलोमीटर वेगाने परतवायचा असेल, तर तेवढ्या अवधीत चेंडू आणि रॅकेट यांच्यामध्ये सरासरी ५० किलो वजनाइतके बल निर्माण होते. तासाभराच्या खेळात असे शेकडो फटके बसतात. यातील बहुतांश भार रॅकेटचे वस्तुमान पेलते. जे तिला पेलत नाही, ते हाताकडे येते. रॅकेटची निवड म्हणजे वस्तुतः या भाराच्या वाटणीचा करार असतो.

या कराराची कलमे कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. लाकडी रॅकेटचे वजन ३७० ते ४०० ग्रॅम आणि तारांचे क्षेत्रफळ ६५ ते ७० चौरस इंच असे. ती जड होती, पण लवचिक होती. हॉवर्ड हेड हा अमेरिकन अभियंता बर्फावर घसरण्याच्या धातूच्या पट्ट्यांचा व्यवसाय विकून निवृत्तीनंतर टेनिस शिकू लागला. चेंडू मध्यभागी लागला नाही की रॅकेट हातात फिरते, याचा त्याला वैताग आला. रॅकेटचे हेड रुंद केले तर ती फिरणार नाही, हा साधा विचार त्याने केला आणि १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आली. प्रथम तिची टिंगल झाली. परंतु या एका बदलाने ताकद आणि आराम दोन्ही वाढले, हे ध्यानात घ्यावयास हवे.

पुढचे वळण मात्र वेगळे होते. १९८७ मध्ये विल्सनने ‘प्रोफाइल’ ही रॅकेट आणली. तिची फ्रेम सर्वांत जाड ठिकाणी ३९ मिलिमीटर होती, म्हणजे लाकडी फ्रेमच्या जवळपास दुप्पट. ग्रॅफाइटच्या या जाड फ्रेमला वाकणे ठाऊकच नव्हते. लवचिक फ्रेम चेंडूच्या आघाताने मागे वाकते आणि ती सावरून पुढे येईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो; वाकण्यात खर्च झालेली ऊर्जा चेंडूला परत मिळत नाही. कडक फ्रेम ही ऊर्जा वाचवते, म्हणून चेंडू वेगाने जातो. पण त्याच कडकपणामुळे धक्का अधिक तीव्रतेने मुठीपर्यंत पोहोचतो. येथे ताकद आणि आराम यांची खरोखरच फारकत झाली. त्यातही एक मेख आहे. चेंडू अचूक ‘स्वीट स्पॉट’वर लागला तर फ्रेम फारशी कंप पावत नाही, मग ती कडक असो वा लवचिक. कडकपणाचा लाभ प्रामुख्याने चुकलेल्या फटक्यांत मिळतो आणि हाताला सर्वाधिक धक्काही त्याच फटक्यांत बसतो. ज्याचे फटके वारंवार चुकतात, त्या हौशी खेळाडूलाच ही ताकद विकली जाते. हे ऋण काढून सण साजरा करण्यासारखे आहे.

नव्वदच्या दशकात या कडकपणाला हलकेपणाची जोड मिळाली. आणि येथेच ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत होते. दुकानात २५५ ग्रॅमची रॅकेट हाती घेतली की ती सुखद वाटते; विक्रेताही ‘हातावर ताण येणार नाही’ असे सांगतो. पण दुकानात चेंडू नसतो. रॅकेट जितकी हलकी, तितकी ती चेंडूच्या आघाताने अधिक मागे ढकलली जाते, अधिक वळते आणि ती रोखण्याचे काम मनगट व कोपर यांना करावे लागते. शिवाय हलक्या रॅकेटने वेग मिळवण्यासाठी हात जोरात फिरवावा लागतो. दुकानात हलकी वाटणारी रॅकेट कोर्टावर जड पडते ती अशी. हलकी, कडक आणि वजन पुढे हेडकडे झुकलेली अशी तिन्ही लक्षणे एकत्र आली की कोपराला त्याहून वाईट संगत नाही.

आता सुरुवातीच्या समीकरणाकडे पुन्हा वळू. ताकद आणि आराम यांच्यात वैर आहे ते फ्रेमच्या कडकपणापुरते. इतर तीन बाबतींत ही दोन्ही एकाच बाजूला उभी असतात. वजन पेलेल इतके वाढवले, तर त्याच वेगाने फिरवलेली रॅकेट चेंडूला अधिक गती देते आणि धक्काही अधिक स्वतःकडे घेते. हेड मध्यम-मोठे ठेवले, तर चुकलेल्या फटक्यातही चेंडू जातो आणि रॅकेट मुठीत फिरत नाही. तारांचा ताण कमी केला, तर चेंडूला किंचित अधिक वेग मिळतो आणि आघात मऊ होतो. या तिन्हींची किंमत द्यावी लागते, पण ती कोपराने नव्हे. जड रॅकेट नेटजवळ चपळाईने फिरत नाही. मोठे हेड आणि सैल तारा यांमुळे चेंडूवरचा ताबा थोडा सुटतो. ताबा आणि चपळाई सरावाने कमावता येतात. झिजलेली कंडरा सरावाने भरून येत नाही, उलट आणखी झिजते. त्यामुळे रॅकेट निवडताना काय गमावणे परवडेल, हा खरा प्रश्न आहे.

याचे व्यवहारातील उत्तर फार गुंतागुंतीचे नाही. चाळिशीनंतर खेळणाऱ्या, मध्यम शरीरयष्टीच्या व्यक्तीने तारांविना २९० ते ३०५ ग्रॅम वजनाची, १०० चौरस इंचांच्या आसपास हेड असलेली आणि वजन किंचित मुठीकडे झुकलेली रॅकेट प्रथम पाहावी. ज्यांना ती जड वाटेल, त्यांनी २८० ग्रॅमपर्यंत यावे, त्याखाली सहसा उतरू नये. तिसऱ्या सेटच्या अखेरीसही चेंडूला उशीर न होता फिरवता येईल अशी सर्वांत जड रॅकेट, ही सोपी कसोटी होय. फ्रेमचा कडकपणा ‘आरए’ नावाच्या आकड्यात मोजला जातो. आजच्या बहुतेक रॅकेट ५५ ते ७५ या टप्प्यात येतात. बाबोलातची लोकप्रिय ‘प्युअर ड्राइव्ह’ सत्तरीच्या आसपास असते. विल्सनने २०१९ मध्ये आणलेली ‘क्लॅश’ पंचावन्नच्या आसपास. कोपराची तक्रार असलेल्याने ६५च्या खाली राहणे श्रेयस्कर. लवचिक फ्रेमचा आकडा मिरवून बाजारात उतरावे असे एका बड्या कंपनीला वाटले, यातच तीन दशकांच्या कडकपणाच्या शर्यतीवरील टीका आली.

पण फ्रेमवर एवढा खल करणारे खेळाडू तारांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. चेंडूला प्रत्यक्ष स्पर्श होतो तो तारांचा. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुर्तेनने १९९७ मध्ये पॉलिस्टरच्या तारा वापरून फ्रेंच ओपन जिंकली आणि पाहता पाहता साऱ्या व्यावसायिक टेनिसने त्या स्वीकारल्या. या तारांनी चेंडूला जबरदस्त फिरकी देता येते, पण त्या नॅचरल गटच्या किंवा मल्टिफिलामेंटच्या तुलनेत कितीतरी कडक असतात आणि त्यांचा जिवंतपणा लवकर ओसरतो. व्यावसायिक खेळाडू प्रत्येक सामन्यासाठी नव्याने गटिंग केलेली रॅकेट घेतो. क्लबातील खेळाडू मात्र तार तुटेपर्यंत, म्हणजे कित्येकदा वर्षभर, तीच वापरतो. आणि पॉलिस्टर लवकर तुटत नाही, हेच तिचे वैशिष्ट्य. रॅकेट बदलण्यापूर्वी मल्टिफिलामेंटचे गटिंग करून, ताण पन्नास पौंडांच्या आसपास ठेवून महिनाभर खेळून पाहावे. रॅकेटच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात हा प्रयोग होतो. आठवड्यातून जितके दिवस खेळता, वर्षातून तितक्या वेळा गटिंग करावे, हा जुना ठोकताळाही स्मरणात ठेवावा. नॅचरल गट सर्वांत मऊ हे खरे, परंतु गाईच्या आतड्यापासून होणारी ही तार ओल सोसत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळी हवेत तिच्यावर पैसे घालणे शहाणपणाचे नाही.

याउलट काही समजुती निव्वळ भाबड्या आहेत. तारांमध्ये अडकवायच्या रबरी डॅम्पनरने ‘टण्ण’ असा आवाज थांबतो, कोपराचे दुखणे नव्हे. तारांचा कंप त्याने शमतो; फ्रेमचा धक्का हातापर्यंत यायचा तो येतोच. ग्रिपच्या मापालाही असेच अवास्तव महत्त्व मिळाले आहे. पाव इंचाने ग्रिप लहान-मोठी केल्याने हाताच्या स्नायूंवरील भारात लक्षणीय फरक पडत नसल्याचे अमेरिकेतील एका अभ्यासात २००६ मध्ये दिसून आले. रॅकेट सुटणार नाही आणि आवळूनही धरावी लागणार नाही, एवढे माप पुरे. चेंडूंचा मुद्दा मात्र गंभीर आहे. आपल्याकडे क्लबांतून तेच ते चेंडू आठवडेच्या आठवडे वापरले जातात, पावसाळ्यात ओले होऊन फुगतात. अशा मेलेल्या चेंडूला वेग द्यायचा तर सारा जोर हाताला लावावा लागतो. २०२३-२४ मध्ये नामवंत व्यावसायिक खेळाडूंनीही स्पर्धेगणिक बदलणाऱ्या चेंडूंमुळे मनगट व कोपर दुखावत असल्याच्या तक्रारी केल्या आणि एटीपीला त्यांची दखल घ्यावी लागली.

व्यावसायिकांचे अनुकरण करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी धरावी. त्यांच्या हातातील रॅकेट पुष्कळदा दुकानातल्या रॅकेटसारखी केवळ दिसते. तिच्यावर शिशाच्या पट्ट्या लावून वजन वाढवलेले असते, कधी जुन्याच साच्यावर नव्या मॉडेलचा रंग चढवलेला असतो. शिवाय तज्ज्ञांचा ताफा दिमतीला असूनही हात त्यांना सोडत नाही. नोवाक जोकोविचने कोपराच्या दुखण्यामुळे २०१७चे विम्बल्डन अर्धवट सोडले, उरलेला मोसम गमावला आणि २०१८च्या आरंभी शस्त्रक्रिया करून घेतली. कार्लोस अल्काराझला २०२४ मध्ये उजव्या हाताच्या दुखापतीमुळे माँटे कार्लो, बार्सिलोना आणि रोम येथील स्पर्धांना मुकावे लागले. त्यानंतर जोकोविचने २०१८चे विम्बल्डन आणि अल्काराझने २०२४ची फ्रेंच ओपन जिंकली, हे खरे. पण त्यांच्यामागे वैद्यकीय पथक होते. आपल्यामागे सोमवारची कचेरी असते.

अर्थात, योग्य रॅकेट म्हणजे रामबाण नव्हे. अमुक रॅकेटने टेनिस एल्बो होतच नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. आठवड्यातून एक दिवस खेळणाऱ्याने एकदम पाच दिवस खेळणे, सदोष बॅकहँड, दुबळे खांदे ही कारणे रॅकेटइतकीच, किंबहुना अधिक, बलवत्तर आहेत. दोन हातांनी बॅकहँड मारणे, हा अनेकांच्या बाबतीत कोणत्याही खरेदीपेक्षा परिणामकारक उपाय ठरतो. दुखणे सुरू झालेच, तर खेळ कमी करून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने तात्काळ बरे वाटते, पण वर्षभराने पाहता इंजेक्शन घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. तेथेही हिशेब तोच: आजची सोय, उद्याचे व्याज.

राहतो तो एक सार्वजनिक प्रश्न. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचे नियम रॅकेटची लांबी ७३.७ सेंटिमीटरपलीकडे जाऊ देत नाहीत, तारांच्या क्षेत्राची लांबी-रुंदीही बांधून देतात. पण वजन किती असावे आणि फ्रेम किती कडक असावी, याबाबत ते मौन पाळतात. रॅकेटवर वजन, हेडचे माप, समतोल आणि तारांचा शिफारस केलेला ताण छापलेला असतो. कोपराच्या दृष्टीने मोलाचा असलेला कडकपणाचा आकडा मात्र बहुधा नसतो. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती हे छापावे लागते, मग वीस हजारांच्या क्रीडासाधनावर हा एक आकडा छापण्यास उत्पादकांना कोणती अडचण आहे? क्रीडासाहित्याच्या दुकानांनी आणि क्लबांनी चार-सहा वेगवेगळ्या रॅकेट चाचणीसाठी ठेवल्या, तरी पुष्कळ काही साधेल. पाच मिनिटे हवेत फिरवून नव्हे, तर दोन-तीन दिवस खऱ्या चेंडूवर खेळूनच रॅकेट कळते.

टेनिस हा सत्तरीपर्यंत खेळता येणारा खेळ आहे. शहरातील धकाधकीच्या आयुष्यात असे खेळ मोजकेच उरले आहेत. त्यात एखाद्या फटक्याला जास्तीचा वेग मिळाला काय आणि न मिळाला काय, पुढील वीस वर्षे सकाळी सहाला कोर्टावर जाता येणे अधिक मोलाचे. रॅकेट विकत घेताना विक्रेत्याला ‘हिच्यात ताकद किती?’ असे आपण विचारतो. त्यासोबत ‘ती ताकद येते कोठून?’ हेही विचारावयास हवे.